तीन उत्तरं आणि पेटीभर माती

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ साली भरती-ओहोटीची नोंद ठेवणारं यंत्र बसलं. समुद्राचं पाणी आत येईल अशा नळात एक तरंगता गोळा, त्याला बांधलेली तार आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला, घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदावर रेघ ओढणारी पेन्सिल. पाणी चढलं की रेघ चढायची, उतरलं की उतरायची. उधाणाला उंच, भांगेला बुटकी. सर्व्हे ऑफ इंडियाला त्यातून दोन गोष्टी हव्या होत्या. बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी भरतीचं वेळापत्रक, आणि देशभरातल्या उंच्या मोजायला समुद्रसपाटीचा पक्का आधार. चंद्र कुठून आला, हा प्रश्न त्या कामात कुठेच नव्हता.

पण या नोंदींचं गणित ज्याने बसवून दिलं, त्याच्या डोक्यात मात्र तोच प्रश्न होता. केंब्रिजचा जॉर्ज हॉवर्ड डार्विन हा उत्क्रांतिवादाच्या चार्ल्स डार्विनचा मुलगा. कायद्याचं शिक्षण घेऊन त्याने वकिली केलीच नाही. तब्येत नाजूक होती आणि ओढ गणिताची होती. भरतीच्या वेड्यावाकड्या रेघेतून चंद्राचा वाटा किती आणि सूर्याचा किती, हे वेगळं काढण्याची पद्धत लॉर्ड केल्विनने सुरू केली होती. डार्विनने ती घोटून पक्की केली. ती हिंदुस्थानातल्या बंदरांना लागू झाली आणि सर्व्हेतल्या मेजर बेअर्डबरोबर डार्विनने तिचे निष्कर्ष १८८५ मध्ये छापले.

त्याच्या सहा वर्षं आधी, १८७९ मध्ये, त्याने चंद्राच्या जन्माविषयी पहिला असा विचार मांडला होता, ज्याच्या मागे आकडे होते. तोवर या विषयावर पुराणं होती, तत्त्वज्ञान होतं, तर्क होते. हिशेब नव्हता.

हिशेबाची सुरुवात एका जुन्या कोड्यातून झाली. १६९५ मध्ये एडमंड हॅलीने प्राचीन ग्रहणांच्या नोंदी स्वतःच्या काळातल्या निरीक्षणांशी ताडून पाहिल्या, तेव्हा चंद्र पूर्वीपेक्षा जलद चालला आहे असं त्याला दिसलं. लाप्लासने १७८७ मध्ये याचं गणिती कारण दिलं आणि सगळ्यांना वाटलं की विषय संपला. १८५३ मध्ये जॉन काउच अॅडम्सने तेच गणित नव्याने केलं, तर लाप्लासच्या कारणातून जेमतेम निम्माच फरक निघत होता. उरलेल्या निम्म्याचं काय? तेवढ्यापुरता चंद्र जलद झालेलाच नव्हता. पृथ्वीचा दिवस लांबत होता. ज्या घड्याळाने चंद्राला मोजायचं, तेच घड्याळ मागे पडत होतं.

ते मागे पाडणारी होती भरती. चंद्र पृथ्वीभोवती महिन्याने फिरतो, पृथ्वी स्वतःभोवती दिवसात फिरते. त्यामुळे चंद्राच्या ओढीने समुद्राला येणारा फुगवटा पृथ्वीबरोबर वाहत चंद्राच्या थोडा पुढे जातो. चंद्र त्या फुगवट्याला मागे खेचतो, तेव्हा पृथ्वीची गिरकी मंदावते. फुगवटा चंद्राला पुढे खेचतो, तेव्हा चंद्र लांब सरकतो. कोकणच्या किनाऱ्यावर रोज दोनदा येणारं पाणी पृथ्वीला असा सतत ब्रेक लावत असतं.

डार्विनने हे चक्र उलटं फिरवलं. मागे जावं तसा दिवस आखूड होत गेला, महिना त्याहून झपाट्याने आखूड होत गेला आणि चंद्र जवळ येत गेला. शेवटी तो अशा मुक्कामाला पोचला जिथे दिवस आणि महिना एकाच लांबीचे होते, ५ तास ३६ मिनिटांचे, आणि चंद्र पृथ्वीच्या अंगाला जवळजवळ टेकलेला होता. याला किमान ५ कोटी ४० लाख वर्षं लागली असतील, असं त्याचं गणित सांगत होतं. पृथ्वीचं वय काही कोटी वर्षांच्या आतबाहेर आहे असं केल्विन ठासून सांगत होता, त्या काळात हा आकडा अगदी पटणारा होता.

इथवर गणित होतं. पुढे डार्विनने अंदाज केला आणि तो अंदाज आहे हे त्याने लपवलं नाही. इतके जवळ असलेले दोन गोळे आधी एकच असावेत. वितळलेली पृथ्वी भन्नाट वेगाने फिरत असावी. सूर्याच्या ओढीने तिच्या अंगावर फुगवटे उठत असावेत. आणि त्यांचा ताल पृथ्वीच्या स्वतःच्या हेलकाव्याशी जुळला असावा. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका देत राहिलं की तो वाढत जातो, तसे ते फुगवटे वाढत गेले आणि एक लचका सुटून वेगळा झाला. मुलाचं हे काम वाचून चार्ल्स डार्विनने त्याला आनंदाचं पत्र लिहिलं होतं.

१८८२ मध्ये ऑस्मंड फिशर या भूशास्त्राचा व्यासंग असलेल्या पाद्र्याने त्याला शेपूट जोडलं: तो लचका जिथून निघाला तो खड्डा म्हणजे पॅसिफिक महासागर. ही कल्पना इतकी चित्रमय होती की पुढे कित्येक दशकं ती लोकांच्या तोंडी राहिली. पॅसिफिकचा तळ वीस कोटी वर्षांहूनही तरुण आहे आणि चंद्र साडेचारशे कोटींच्या घरातला, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला.

डार्विनने इंग्लंड, फ्रान्स आणि हिंदुस्थान मिळून चौदा बंदरांच्या ३३ वर्षांच्या नोंदींतून आणखी एक निष्कर्ष काढला. पंधरवड्याने येणारी बारीक भरती त्यात अपेक्षित उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश दिसत होती. जमीन मऊ असती तर तीही पाण्याबरोबर उचलली गेली असती आणि भरती दिसली नसती. म्हणजे आजची पृथ्वी एकूणात पोलादाइतकी ताठ आहे. आपल्या आवडत्या कथेला वितळलेली, चिकट पृथ्वी लागते आणि हातातले आकडे ताठ पृथ्वी दाखवतात, हे त्याने दोन्ही छापलं. काळाची तफावत आहे म्हणून दोन्ही एकत्र नांदू शकतात, हा भाग वेगळा. पण या प्रश्नाच्या इतिहासात अशी माणसं थोडी आहेत.

दुसरं उत्तर फ्रान्समधून आलं. मोंपेलिएच्या एद्वार रोश याने १८७३ मध्ये म्हटलं की चंद्र पृथ्वीपासून तुटलेला नाही. दोघं एकाच वायू-धुळीच्या ढगातून शेजारी-शेजारी घडली. तिसरं उत्तर कॅलिफोर्नियातल्या नौदलाच्या वेधशाळेत काम करणाऱ्या टी. जे. जे. सी या खगोलशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दिलं. चंद्र दुसरीकडेच जन्मला आणि जवळून जाताना पृथ्वीच्या ओढीत सापडला. शास्त्रज्ञांनी आपसांत या तिन्ही मतांना नात्यांची नावं दिली होती: लेक, बहीण आणि बायको. पुढची साठ वर्षं वाद या तिघींतच राहिला.

डार्विनच्या लेकीला पहिला मोठा धक्का घरातूनच बसला. केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९३० मध्ये दाखवून दिलं की पृथ्वीच्या आतलं घर्षण त्या फुगवट्यांना इतके वाढूच देणार नाही. त्यापेक्षाही अवघड होता गिरकीचा हिशेब. पृथ्वी आणि चंद्र मिळून आज जेवढा कोनीय संवेग आहे, तो सगळा एकट्या पृथ्वीला परत दिला तर तिचा दिवस चारेक तासांचा होतो. लचका सुटायला दिवस दोन-अडीच तासांचा हवा. मग उरलेली गिरकी गेली कुठे? हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा आडवा येणार आहे.

गंमत म्हणजे डार्विनच्या गणिताचा जो भाग पक्का होता, त्याला पुरावा मिळाला तो प्रवाळांतून. अमेरिकेतले जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन काळातल्या प्रवाळांच्या जीवाश्मांवर भिंगाखाली बारीक वाढरेषा मोजल्या. प्रवाळ दिवसाला एक रेघ घालतो आणि वर्षाच्या ऋतूंनी जाडसर पट्टे उमटतात. दोन पट्ट्यांत आजच्या ३६५ च्या जागी साधारण ४०० रेघा निघाल्या. वर्षाची लांबी बदललेली नाही, म्हणजे सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वी दिवस बावीस तासांच्या आसपासचा होता. पृथ्वी खरोखरच मंदावत आली होती.

तरी जन्माचा प्रश्न तिथेच. तेव्हा सगळ्यात वजनदार आवाज होता हॅरॉल्ड यूरी यांचा. जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले यूरी १९५० च्या दशकात चंद्राकडे वळले. चंद्र हा पृथ्वीने पकडलेला पाहुणा आहे, तो कधीही वितळला नाही, त्यामुळे सूर्यमाला घडतानाचा मूळ माल त्याच्यावर जसाच्या तसा पडून आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. नव्याने स्थापन झालेल्या नासाला चंद्राकडे वैज्ञानिक नजरेने पाहायला लावण्यात त्यांचा मोठा हात होता. राजकारणाला रशियाच्या पुढे जायचं होतं. यूरींना दगड हवे होते.

दगड आले. २० जुलै १९६९ ला नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन उतरले, आणि परत निघण्याआधी पेटीत जागा रिकामी दिसली म्हणून आर्मस्ट्राँग यांनी तीत आणखी काही फावडी माती भरली. नियोजनात या मातीला फारसं महत्त्व नव्हतं. माझ्या मते या सगळ्या मोहिमेतली ती सर्वांत मोलाची भर ठरली.

दगड आणि माती मिळून साडेएकवीस किलोच्या आसपास. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेतून त्याचे वाटे जगभर गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, स्मिथसोनियनच्या वेधशाळेत, जॉन वूड यांच्या वाट्याला माती आली. त्यांनी ती चाळली, मोठे कण वेगळे काढले आणि एकेक कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हजाराहून जास्त कण. बहुतेक काळे: लाव्हाचे तुकडे, काचेचे थेंब, एकमेकांना चिकटलेली धूळ. ते अपेक्षित होतं, कारण यान उतरलं होतं ते लाव्हाच्या मैदानावर. पण त्या काळ्या ढिगात अधूनमधून एखादा पांढरा कण होता. असे कण थोडेच होते, आणि सगळे एकाच जातीचे: अॅनॉर्थोसाइट, म्हणजे जवळजवळ निव्वळ फेल्डस्पारचा खडक.

तो तिथला नव्हता. वूड यांनी ताडलं की हे कण चंद्राच्या उजळ डोंगराळ भागातून, उल्कांच्या माऱ्याने उडून इथवर आले आहेत; म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारा चंद्राचा सगळा पांढरा भाग याच खडकाचा असणार. एवढ्या प्रमाणात निव्वळ फेल्डस्पार वेगळा पडायला एकच सोपी रीत आहे. वितळलेल्या खडकात हे खनिज इतरांपेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं; लोह-मॅग्नेशियमची जड खनिजं खाली बसतात. तेव्हा एके काळी चंद्र वरून शेकडो किलोमीटर खोलीपर्यंत वितळलेला होता आणि त्या शिलारसाच्या समुद्रावर धरलेली साय म्हणजे आजचे पांढरे डोंगर. जानेवारी १९७० मध्ये ह्यूस्टनला भरलेल्या पहिल्या चांद्रविज्ञान परिषदेत वूड यांनी हे मांडलं. शिकागोचे जोसेफ स्मिथ आणि त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. चिमूटभर पांढऱ्या कणांवरून एका अख्ख्या गोलाचा इतिहास सांगण्याचं हे धाडस होतं. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९७१ ला, अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांनी डोंगराच्या उतारावरून उचललेला पांढरा दगड नेमका त्याच जातीचा निघाला.

यूरींचा थंड चंद्र तिथे संपला.

ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघंही अंतराळवीर मुंबईला येऊन गेले आणि त्यांना बघायला अफाट गर्दी लोटली. चंद्राची मातीही मुंबईत आली, पण तिला गर्दी झाली नाही. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये देवेंद्र लाल यांच्या गटाला अपोलोच्या नमुन्यांतले कण अभ्यासासाठी मिळाले होते. नरेंद्र भंडारी, ए. एस. ताम्हणे, व्ही. एस. वेंकटवरदन अशी मंडळी त्या गटात होती. वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. चंद्राला वातावरण नाही, त्यामुळे विश्वकिरणांतले जड अणू थेट खनिजात घुसतात आणि आत एक सूक्ष्म जखम ठेवून जातात. ती तशी दिसत नाही. कण राळेत बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा, तापलेल्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावात ठेवायचा. मग जखमेची जागा आधी झिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काळी रेघ उमटते. अशा रेघा मोजत बसायचं. रेघा किती, यावरून तो कण चंद्राच्या अगदी पृष्ठावर किती लाख वर्षं उघडा पडला होता ते कळायचं. जन्माचा प्रश्न याने सुटणार नव्हता. पण चंद्राची माती वर-खाली कशी होते, कुठला कण कुठून येतो, हे कळल्याशिवाय चिमूटभर मातीवरून काढलेल्या कुठल्याच निष्कर्षावर भरवसा ठेवता येत नव्हता. लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे संचालक झाले आणि चांद्रनमुन्यांचा हा वारसा तिकडे रुजला.

१९७२ पर्यंत सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगड-माती आणली. लोकांची अपेक्षा होती की आता तिघींपैकी एक जिंकेल. झालं उलटंच. दगडांनी एकेक करून तिघींनाही बाद केलं.

पाहुण्याचं, म्हणजे बायकोचं, मत ऑक्सिजनने पाडलं. ऑक्सिजनचे तीन प्रकारचे अणू असतात, आणि ते कुठल्या प्रमाणात मिसळले आहेत हे सूर्यमालेत जागोजागी बदलतं. शिकागोच्या रॉबर्ट क्लेटन यांनी अशनींवर केलेल्या मोजमापांतून हे ठसठशीत दिसलं. चंद्राचा ऑक्सिजन मात्र पृथ्वीच्याच रेषेवर बसत होता. परक्या जागी जन्मलेल्या गोलाला हे जमणं कठीण. शिवाय जवळून जाणारा गोल पकडायचा तर त्याचा वेग कुठेतरी जिरवावा लागतो, आणि तो कशात जिरला हे कुणी नीट सांगू शकत नव्हतं.

मग बहीण? एकाच ढगातून घडलेल्या दोघींपैकी एकीलाच लोखंड कसं मिळालं? पृथ्वीच्या वस्तुमानाचा जवळपास तिसरा हिस्सा लोखंडी गाभ्याचा आहे. चंद्राचा गाभा शेकड्यात एक-दोनच. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाचपट, चंद्राची सव्वातीनपटीहून किंचित जास्त. आणि चंद्राच्या खडकांत सोडियम, पोटॅशियम, जस्त अशी उष्णतेने उडून जाणारी मूलद्रव्यं फारच कमी होती, जणू सगळा माल एकदा भट्टीतून काढला होता. लेकीच्या मताला रसायन थोडंफार अनुकूल होतं, पण गिरकीचा जुना हिशेब जुळत नव्हता तो नव्हताच.

नवीन उत्तर ज्यांना सुचलं, त्यांतले एक विल्यम हार्टमन. अॅरिझोना विद्यापीठात जेरार्ड कायपर यांच्याकडे विद्यार्थी असताना त्यांना एक काम मिळालं होतं. दुर्बिणीतून घेतलेली चंद्राची छायाचित्रं एका मोठ्या पांढऱ्या गोलावर प्रक्षेपित करायची आणि बाजूला उभं राहून त्यांचे नव्याने फोटो काढायचे. पृथ्वीवरून चंद्राच्या कडेचा भाग तिरका, दबलेला दिसतो. गोलाच्या बाजूला जाऊन पाहिलं की तोच भाग समोरून दिसतो. असं पाहताना १९६२ मध्ये चंद्राच्या पश्चिम कडेला एकात एक कड्यांचं, ९०० किलोमीटरहून रुंद असं आघाताचं प्रचंड विवर उलगडलं: ओरिएंटाले. शतकानुशतकं लोक त्याच्या कडा पाहत होते, पण ते सबंध कुणी पाहिलं नव्हतं. एवढा खड्डा पाडणाऱ्या वस्तू जर त्या काळी हिंडत होत्या, तर त्यांच्याहून मोठ्याही असणार, हा विचार हार्टमन यांच्या मनात राहिला.

पुढे रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर साफ्रोनोव्ह यांचं ग्रह कसे वाढतात यावरचं पुस्तक १९७२ मध्ये इंग्रजीत आलं. त्यातलं गणित घेऊन हार्टमन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी विचारलं की पृथ्वी वाढत असताना तिच्या आसपास वाढणारा दुसऱ्या क्रमांकाचा गोल केवढा झाला असेल? उत्तर निघालं की चांगलाच मोठा. तो पृथ्वीवर आदळला, तर वरचा खडकाळ थर अवकाशात उडेल, आणि त्यातून चंद्र जमेल. लोखंड तोवर पृथ्वीच्या पोटात बसलेलं असल्यामुळे चंद्राच्या वाट्याला ते येणार नाही. हार्टमन यांनी हे १९७४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या परिषदेत मांडलं, तेव्हा श्रोत्यांत हार्वर्डचे अॅलिस्टर कॅमेरॉन होते. आपण आणि विल्यम वॉर्ड याच कल्पनेवर काम करतो आहोत, असं त्यांनी तिथेच सांगितलं. ते दुसऱ्या टोकाकडून आले होते. पृथ्वी-चंद्राला आजची गिरकी मिळायची, तर किती वजनाचा गोल तिरका आदळायला हवा? मंगळाएवढा, पृथ्वीच्या सुमारे एक-दशांश.

डार्विनच्या मताचा गळा आवळणारा गिरकीचा आकडा इथे पुरावा झाला.

याच चालीची कल्पना हार्वर्डचे भूशास्त्रज्ञ रेजिनाल्ड डेली यांनी १९४६ मध्येच छापली होती, हे नंतर लक्षात आलं. तिच्याकडे तेव्हा कुणी वळून पाहिलं नव्हतं. आणि १९७५-७६ मध्ये दोन्ही शोधनिबंध आल्यावरही दहाएक वर्षं थंडच गेली. याचं कारण भूशास्त्राच्या घडणीत आहे. पृथ्वीवर जे घडतं ते हळूहळू, आजच्याच शक्तींनी घडतं, हे तत्त्व भूशास्त्राने दीडशे वर्षं लढून मिळवलं होतं. एका दुपारी आकाशातून गोल आला आणि सगळं बदललं, असं म्हणणं म्हणजे पुराणाकडे परत जाणं वाटे. ही शंका घेणारे आडमुठे नव्हते. अपघाताची कथा कशालाही लागू करता येते, आणि म्हणूनच तिच्याकडून जास्त कडक पुरावा मागायला हवा.

तो मागण्याची वेळ आली ऑक्टोबर १९८४ मध्ये, हवाईमधल्या कोना इथे. हार्टमन, रॉजर फिलिप्स आणि जेफ टेलर यांनी दीड वर्ष आधी साद घातली होती: चंद्राच्या जन्माविषयी ठोस काही सांगण्यासारखं असेल तरच या. लोक आले तेव्हा तिन्ही जुन्या मतांना मानणारे आपापले गट होते. परतले तेव्हा बहुतेकांना धडकेचं मत सर्वांत कमी अडचणींचं वाटत होतं. नवा दगड सापडला नव्हता. सगळ्यांनी आपापल्या मताच्या अडचणी एकाच टेबलावर मांडल्या, तेव्हा कुणाच्या पारड्यात किती वजन आहे ते दिसलं.

नंतर संगणक आले. १९८६ मध्ये विली बेंझ आणि कॅमेरॉन यांनी धडकेचं पहिलं त्रिमितीय गणित केलं. २००१ मध्ये रॉबिन कॅनप आणि एरिक आस्फाग यांनी ते बरंच नेमकं केलं. मंगळाएवढा गोल तिरका आदळतो, त्याचं लोखंड पृथ्वीच्या गाभ्यात बुडून जातं, वितळलेल्या आणि वाफ झालेल्या खडकाचं कडं पृथ्वीभोवती फिरू लागतं आणि त्यातून चंद्र जमतो. अॅलेक्स हॅलिडे यांनी २००० मध्ये त्या आदळलेल्या गोलाला नाव दिलं थिया, ग्रीक पुराणातल्या चंद्रदेवी सेलीनीची आई.

शाळेच्या पुस्तकांत गोष्ट इथे संपते. संशोधकांसाठी ती इथून बिकट झाली. संगणक म्हणतो की चंद्र बराचसा थियाच्या मालाचा असावा, निम्म्याहून खूप जास्त. मग चंद्राचा ऑक्सिजन थियासारखा हवा, पृथ्वीसारखा का? २००१ मध्ये ऑक्सिजनचं मोजमाप आणखी अचूक झालं, तरी फरक दिसला नाही. २०१२ मध्ये टायटॅनियमही तसंच निघालं. पाहुण्याचं मत ज्या पुराव्याने पाडलं, तोच पुरावा आता विजेत्याच्या अंगावर आला.

त्याच वर्षी दोन वाटा पुढे आल्या. कॅनप यांनी जवळजवळ सारख्या वजनाच्या दोन गोलांची टक्कर मांडली, ज्यात माल पुरता मिसळतो. मातिया चुक आणि सारा स्ट्युअर्ट यांनी मांडलं की आदळणारा गोल लहान होता, पण पृथ्वीच दोन-तीन तासांत गिरकी घेत होती; त्यामुळे उडाला तो बहुतांश पृथ्वीचाच माल, आणि जास्तीची गिरकी पुढे सूर्याने काढून घेतली. जेफ्रीज यांच्या काळापासून अशक्य मानलेली, तुटण्याच्या बेतात आलेली जॉर्ज डार्विनची पृथ्वी अशी निराळ्या दाराने पुन्हा आत आली. डर्‍हम विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये काही तासांत चंद्र जमल्याचं गणित दाखवलं. २०२३ मध्ये आणखी एक सूचना आली: पृथ्वीच्या प्रावरणाच्या तळाशी, आफ्रिका आणि पॅसिफिकच्या खाली, भूकंपलहरी मंदावणारे खंडांएवढे दोन ढिगारे आहेत, ते थियाचे अवशेष असू शकतील.

वूड यांच्या पांढऱ्या कणांची परीक्षा मात्र भारतीय यंत्राने घेतली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ दक्षिणेला ६९ अंशांच्या आसपास उतरलं. त्याआधी कुठलंही यान इतक्या दक्षिणेला अलगद उतरलं नव्हतं. प्रज्ञान गाडी १०३ मीटर चालली आणि तिच्यावरच्या क्ष-किरण यंत्राने २३ ठिकाणी मातीतली मूलद्रव्यं मोजली. यंत्र अहमदाबादच्या त्याच फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत घडलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये निष्कर्ष छापले गेले: माती सगळीकडे जवळपास एकसारखी, आणि मुख्यतः लोहयुक्त अॅनॉर्थोसाइटची. विषुववृत्ताजवळच्या चिमूटभर मातीवरून सबंध गोलाविषयी जे म्हटलं गेलं होतं, ते हजारो किलोमीटर लांबच्या दक्षिणेतही उभं राहिलं. त्यात मॅग्नेशियमची खनिजं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. ती खोलवरून, दक्षिण ध्रुव-एटकेन या महाविवराच्या आघाताने वर फेकली गेली असावीत.

जून २०२४ मध्ये चीनच्या चांग-ई-६ ने याच महाविवरातून, चंद्राच्या पलीकडच्या बाजूने, १,९३५ ग्रॅम माती आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चंद्राचे नमुने घेऊन परतणाऱ्या चांद्रयान-४ ला मंजुरी दिली आणि त्याच दिवशी शुक्राभोवती फिरणाऱ्या यानालाही. चंद्राच्या जन्माशी शुक्राचा संबंध लांबचा वाटेल, पण तो थेट आहे. सूर्याजवळच्या भागातले सगळे मोठे गोल मुळात एकाच घाटाच्या मालाचे असतील, तर थियाही पृथ्वीसारखीच असणार आणि ऑक्सिजनचं कोडं आपोआप मिटेल. तसं नसेल, तर धडकेनंतर दोन्ही गोल पुरते घुसळले गेले असं मानावं लागेल. मंगळाचे अशनी आपल्याकडे आहेत आणि त्यांचा ऑक्सिजन वेगळा आहे. शुक्राचा म्हणून ओळख पटलेला एकही खडक आज कुठल्याही प्रयोगशाळेत नाही, आणि शुक्राभोवती नुसतं फिरणारं यान तो आणू शकणार नाही.